सकाळचं पहिलं पाणी

माझ्या सासूबाई मनमाडच्या. मनमाडच्या बाईला पाण्याबद्दल शिकवायला जाऊ नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. मी पडलो पुण्याचा. नळ सोडला की पाणी येतं, एवढंच मला पाण्याबद्दल माहीत, पण त्यावर बोलायची हौस मात्र दांडगी.

गोष्ट दोन हजार पाचच्या आसपासची. मी आम्स्टरडॅममध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत होतो. ऑफिसातली बाकीची मराठी मंडळी आम्स्टेलव्हेनच्या नव्याकोऱ्या इमारतींमध्ये राहायची. त्यांचं स्वयंपाकघर एकसारखं, बाल्कनी एकसारखी, दारातला चपलांचा ढीगही एकसारखा. मला ते खुराडं नको होतं. म्हणून मी आणखी खाली, नदीकाठच्या एका लहान गावात, युद्धाच्या आधी बांधलेलं जोडघर भाड्यानं घेतलं. अर्ध्यात आम्ही आणि उरलेल्या अर्ध्यात एक निवृत्त डच बाई, स्वतःच्या मालकीच्या घरात. लाल कौलं, उभा जिना, मागे बाग आणि बागेच्या टोकाला चिंचोळा कालवा. मित्र म्हणाले, "म्हातारं घर घेतलंस, आता त्याची सेवा कर." मी त्यांना उडवून लावलं.

किल्ल्या देताना घरमालकानं एकच गोष्ट बजावली होती. पाइप जुने आहेत, तेव्हा रोज सकाळी नळ थोडा वेळ वाहू द्या आणि मगच पाणी प्या. मी मान डोलावली. यात मला नवल वाटलं नाही. रात्रभर राहिलेलं पाणी शिळं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माझी आई उठल्या उठल्या आदल्या दिवशीची कळशी ओतून ताजं पाणी भरायची. ही डच माणसंही शिळं पाणी पीत नाहीत म्हणजे काय, आपलीच म्हणायची, असं मला वाटलं. का, हे मी विचारलं नाही. आपल्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टीबद्दल कोण विचारतं?

बायकोला दिवस गेले तेव्हा सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, तिला मनमाडला पाठवा. मी फोनवर त्यांना व्याख्यान दिलं. मनमाडला नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक, आलं तर कसलं येईल तेही त्यालाच ठाऊक, आणि तिथे मी तान्ह्या बाळाला ठेवू? "इथलं नळाचं पाणी जगात एक नंबर आहे, आई. लोक बाटलीतलं विकत घेत नाहीत. तुम्हीच या. तुम्हाला इथे पाणी भरावं लागणार नाही." शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. ते मी ऑफिसातही दोन-तीन जणांना ऐकवलं.

सासूबाई आल्या. सोबत डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा मोठा डबा, अळीव, बाळंतशोप आणि जुन्या सुती लुगड्यांची दुपटी. पहिल्याच दिवशी मी त्यांना स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवला, जसा काही तो मीच बसवला होता. त्या नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या.

"हे असंच चालू राहतं?"

"चोवीस तास."

"मग बंद करा बरं," त्या म्हणाल्या. "उगाच कशाला वाहू द्यायचं."

मुलगी झाली. सिझेरियन झाल्यामुळे बायको वरच्या खोलीत पडून होती आणि खालचं स्वयंपाकघर पूर्णपणे सासूबाईंच्या ताब्यात आलं. मी त्यांना घरमालकाची सूचना सांगितली, पण माझ्या भाषेत. "सकाळी नळ थोडा वेळ सोडून द्या आई, शिळं पाणी जाऊ द्या." त्या बरं म्हणाल्या.

नळ त्या रोज सोडत होत्या, पण पाणी जाऊ देणं त्यांच्यानं होईना. ज्या बाईनं उभा जन्म तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला आणि कपडे पिळलेलं पाणी फरशीला घातलं, ती मोरीत जाणारी स्वच्छ धार कशी बघणार? त्यांनी नळाखाली पातेलं लावलं. ते भरलं की दुसरं. पाणी शिळं असलं म्हणून काय झालं, उकळलं की झालं, हा त्यांचा हिशेब. मनमाडला आठवड्याचं साठवलेलं पाणी त्या असंच उकळून पोरांना पाजत आल्या होत्या, आणि त्यांची पोरं ठणठणीत होती. त्यातलीच एक माझी बायको.

ते सकाळचं पहिलं पाणी त्या खळखळून उकळायच्या, चांगलं आटू द्यायच्या, पांढऱ्या फडक्यानं गाळायच्या आणि झाकून ठेवायच्या. आता एवढी मेहनत केलेलं पाणी घरात कुणाला द्यायचं? सगळ्यात लहान जिवाला. बायकोचं दूध पुरत नव्हतं, म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून पावडरचं दूध चालू केलं होतं. ते या पाण्यात. घुटी उगाळायची ती या पाण्यात. बायकोचा अळिवाचा काढाही त्यातच. मी आपला नळ वाहून झाल्यावरचं ताजं पाणी ग्लास भरभरून पीत होतो.

हे सगळं मी रोज बघत होतो. बुटाची नाडी बांधता बांधता मला त्यांचं कौतुक वाटायचं. ऑफिसात सांगायचो, आमच्या सासूबाई थेंब वाया घालवत नाहीत, या डच लोकांनी शिकावं.

मुलगी दोन महिन्यांची झाली असेल. एका शनिवारी दुपारी शेजारच्या बाई बाळाला बघायला आल्या. हातानं विणलेलं टोपडं घेऊन आल्या होत्या. बुटांना चिखल लागला होता म्हणून दारातच माफी मागितली. त्यांच्या घरापुढची वाट खणून ठेवली होती, पाण्याचा पाइप बदलायचं काम नुकतंच झालं होतं. जुन्या घरांचे पाइप बदलायला खेमेंटे, म्हणजे इथली नगरपालिका, खर्चाचा काही भाग देते, म्हणून एकदाचं करून टाकलं, असं त्या म्हणाल्या. मी हं हं केलं. माझं लक्ष बाळाच्या कौतुकाकडे.

सासूबाईंनी चहा केला. शेजारीण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, आणि ओळीनं झाकून ठेवलेली पातेली बघून तिनं विचारलं, हे काय आहे? मी सासूबाईंना विचारलं. त्यांचा चेहरा असा उजळला की बस. दोन महिन्यांत त्यांना या देशात कुणी पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. त्या हातवारे करत सांगायला लागल्या आणि मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत गेलो.

"हे सकाळचं पहिलं पाणी. नळ सोडला की पहिलं येतं ते. मी टाकत नाही."

मी सांगितलं.

"चांगलं उकळते, आटवते. मग गाळते."

मी सांगितलं. वर पदरचं घातलं की आमच्याकडे पाणी म्हणजे देव.

"हे फक्त बाळाचं आणि बाळंतिणीचं. आम्ही दुसरं पितो."

मी हेही सांगितलं, अगदी अभिमानानं. शेजारणीनं कप खाली ठेवला. तिनं मला हळू आवाजात विचारलं, "पहिलं पाणी? रात्रभर पाइपात साचून राहतं ते?" मी हो म्हटलं. मग ती गुडघ्यांवर बसली, सिंकखालचं कपाट उघडलं आणि मला खाली वाकायला लावलं. आत एक राखाडी, मऊसर दिसणारा पाइप वाकून भिंतीत गेला होता. तिनं स्वतःच्या घराची किल्ली काढून त्यावर ओरखडा काढला. ओरखडा चांदीसारखा चमकला.

"शिसं आहे," ती म्हणाली. "माझ्याकडेही हेच होतं. आपली घरं एकदमच बांधलेली आहेत."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. मी शिकलेला माणूस. शिसं पाण्यात उतरतं, रात्रभर साचलेल्या पाण्यात जास्त उतरतं, तान्ह्या मुलांच्या मेंदूला ते वाईट, हे सगळं मला कुठे ना कुठे वाचून ठाऊक होतं. उकळल्यानं जंतू मरतात, शिसं कुठे मरतं? पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं. कपाटात डोकं घालून मी हे सगळं एका क्षणात समजलो. मान वर केली तर सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. अजून हसतच होत्या.

"काय म्हणताहेत त्या? चांगलं म्हणाल्या ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही बोलायच्या आत शेजारणीनं उठून पहिलं पातेलं उचललं आणि सिंकमध्ये ओतलं. सासूबाई पुढे धावल्या. "अहो, ते बाळाचं आहे," म्हणत त्यांनी दुसऱ्या पातेल्यावर दोन्ही हात ठेवले. तेव्हा मला सांगावंच लागलं. शेजारीण उभी असताना, त्यांचे हात पातेल्यावर असताना मी सांगितलं की आई, सोडा ते, त्यात विष आहे. याहून बरा शब्द मला सापडला नाही.

त्यांनी हात काढले. रडल्या नाहीत. शेजारीण गेल्यावर सगळी पातेली घासायला घेतली आणि घासतच राहिल्या. वर जाऊन मी बायकोला सांगितलं, तशी ती टाक्यांची जागा दुखत असतानाही जिना उतरून खाली आली. मुलगी तोपर्यंत जागी झाली होती, सासूबाईंनी हात पुसून तिला मांडीवर घेतलं होतं. बायकोनं तिला आईच्या मांडीवरून उचललं आणि पुन्हा वर गेली. सासूबाईंची मांडी तशीच राहिली, मूल धरल्यासारखी. मी तिथे उभा होतो. मला तिथे उभं राहवेना आणि जाताही येईना.

सोमवारी मी घरमालकाला फोन केला. भांडायच्या तयारीनंच केला होता. तो शांतपणे म्हणाला, "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." सांगितलं होतंच. पाइप बदलायला तो तयार होता, पण खर्चातल्या मदतीसाठी अर्ज मालकानंच करायचा आणि मंजुरीच्या आधी काम सुरू केलं तर मदत मिळत नाही. मी नगरपालिकेच्या खिडकीवर जाऊन हुज्जत घालून बघितली. तिथल्या बाईंनी फार सौजन्यानं तेच सांगितलं.

तोवर शेजारीण म्हणाली, माझ्या नव्या नळाचं पाणी न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून बघितलं तर सासूबाई लाडवांचा तो रिकामा झालेला डबा पाण्यानं भरून कमरेवर घेऊन, स्वेटरवर पदर खोचून, खणलेल्या वाटेच्या फळीवरून येत होत्या. पाऊस भुरभुरत होता. समोरच्या घरांना पडदे नाहीत, इथे कुणीच पडदे ओढत नाही, सगळी आळी चहा पीत बघत होती. मी धावत जाऊन डबा मागितला. त्या म्हणाल्या, "जावयानं पाणी भरायचं का? लोक काय म्हणतील?" तुम्हाला इथे पाणी भरावं लागणार नाही, असं मी ज्या बाईला सांगून आणलं होतं, ती रोज कमरेवर पाणी आणत राहिली. मी दुपारी जाऊन आणेन म्हटलं, तर त्या त्याआधीच आणून ठेवायच्या. त्या पाण्याला मात्र त्या स्वतः झाकणही लावत नसत. आणून ओट्यावर ठेवायच्या आणि बाजूला व्हायच्या. बाटली बायको भरायची.

आमच्या हाउसआर्ट्सनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, मुलीचं रक्त तपासायला पाठवलं. एवढ्याशा हातातून रक्त काढताना ती ज्या तऱ्हेनं रडली ते मी सांगत नाही. उत्तर येईपर्यंत सासूबाईंचं जेवण म्हणजे चार घास. उत्तर आलं. शिसं होतं. चालेल त्याहून थोडं जास्त, पण औषध द्यावं इतकं नाही. ते पाणी बंद झालंय, आता आपोआप कमी होईल, डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, पुढे काही परिणाम? ते म्हणाले, "बहुतेक नाही. पण खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही." ते 'बहुतेक' आम्ही घरी घेऊन आलो आणि ते पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात राहिलं.

व्हिसा संपत आला. निघायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई माझ्यासमोर आल्या, हात जोडले आणि वाकल्या. लग्नात त्या रीतीप्रमाणे माझे पाय धुवायला वाकल्या होत्या. तेव्हा मी, पुढारलेला पुणेकर, मोठ्या नम्रपणे पाय मागे घेतले होते. या वेळी मला ते सुचायच्या आत त्यांचं डोकं माझ्या पायांवर आलं.

"माझ्या हातून झालं, जावईबापू. तुमच्या लेकराला मीच पाजलं."

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की शिळं पाणी हा शब्द माझा. तुम्ही माझंच ऐकलंत. मी काय म्हणालो? मी त्यांना उठवलं आणि म्हणालो, "असू द्या आई. डॉक्टर म्हणालेत ना, काही होणार नाही." म्हणजे मी त्यांना माफ केलं. मोठ्या मनानं माफ केलं, आणि त्या उपकृत होऊन पदरानं डोळे पुसत आत गेल्या. मला आजही त्या 'असू द्या'ची जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

पुढे मंजुरी आली, पाइप बदलले, आमचीही वाट खणली गेली आणि बुजवली गेली. पण मुलगी बोलेना. दीड वर्षाची झाली, दोनाची झाली, तरी बोट दाखवून हुं हुं. घरी मराठी, पाळणाघरात डच, आमच्या मित्रांशी इंग्रजी आणि हिंदी, त्यामुळे वेळ लागतोय, असं बालआरोग्य केंद्रातल्या नर्सनं समजावलं. आम्ही तेच सासूबाईंना समजावलं. त्या फोनवर हो हो म्हणायच्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिला प्रश्न तोच, "बोलते का?" बायको फोन मुलीच्या कानाला लावायची. पलीकडून आजी "बाळा, आजी म्हण, आ-जी," म्हणत राहायच्या. इकडून नुसता श्वास. मग बराच वेळ पलीकडूनही नुसता श्वासच. नंतर कळलं की नात बोलेपर्यंत त्यांनी गोड सोडलंय. बायकोनं त्यांना रागावून बघितलं, रडून बघितलं. मी त्यांच्याशी त्या विषयावर बोललोच नाही. फोन माझ्या हातात आला की हवापाणी विचारायचो.

मुलगी अडीच वर्षांची झाल्यावर एकदाची बोलू लागली. पण जे काही बोलायची ते डचमध्ये, आणि फोन समोर धरला की तोंड मिटून घ्यायची. सासूबाईंना आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा लागत होता, आणि तो त्या कितपत ठेवत होत्या कोण जाणे.

तिला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर आम्ही मनमाडला गेलो. पहिले दोन दिवस ती आजीच्या मागे मागे हिंडली, पण मुकाट्यानं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली होती. मी स्वयंपाकघरात पाटावर बसलो होतो, बायको भांडी लावत होती, सासूबाई सुपारी कातरत होत्या. मुलगी अंगणातून घामाघूम होऊन आत आली, आजीसमोर उभी राहिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आजी, पाणी दे."

बायकोच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. सासूबाई अडकित्ता टाकून उठल्या, फुलपात्र घेतलं, माठावरचं झाकण काढलं. आणि तिथेच थांबल्या. मग वळून फुलपात्र माझ्यापुढे धरलं.

"जावईबापू, तुम्ही द्या."

"तिनं तुम्हाला मागितलंय, आई."

"हो. पण तुम्हीच द्या."

मुलगी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तेव्हा कुठे माझ्या तोंडून ते निघालं. म्हणालो, "आई, शिळं पाणी म्हणून तुम्हाला मीच सांगितलं होतं. मालकानं नळ सोडायला का सांगितलं, ते मी विचारलंच नव्हतं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. चार माणसांत जावयाकडे जसं बघतात तसं, अदबीनं.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पण जावयाला कसं बोलायचं?"

बायकोनं मान खाली घातली. म्हणजे त्या संध्याकाळी माझ्या पायांवर डोकं ठेवताना त्यांना सगळं माहीत होतं. मी माफ केलं तेव्हाही माहीत होतं.

"आजी, पाणी," मुलगी पदर ओढत पुन्हा म्हणाली.

सासूबाईंनी फुलपात्र माठात बुडवलं, भरलं, खालची बाजू पदरानं पुसली आणि तिच्या ओठांना लावलं. ती घटाघटा प्यायली आणि पळाली. तळाशी घोटभर पाणी राहिलं होतं. ते सासूबाई स्वतः प्यायल्या आणि फुलपात्र पालथं घालून पुन्हा सुपारी कातरायला बसल्या.